खंडेनवमीचे शस्त्र आणि वर्षभराचा सराव

नागपूरहून अमरावतीच्या दिशेने निघाले की महानगराची वेस जेथे विरू लागते तेथे वाडी लागते. मालवाहतुकीच्या कचेऱ्या, गोदामांच्या रांगा, रात्रंदिवस ये-जा करणारे ट्रक आणि शेजारीच १९६६ साली उभा राहिलेला अंबाझरीचा आयुध निर्माणी कारखाना, अशी या गावाची ओळख आहे. खंडेनवमीच्या दिवशी येथील उत्साह पाहण्यासारखा असतो. ट्रकच्या तोंडाला झेंडूच्या माळा चढतात, लेथवर हळद-कुंकू वाहिले जाते, पान्हे आणि हातोडे पाटावर मांडले जातात. एखाद्या घरात त्याच पाटावर कपाटातून काढलेले परवान्याचे रिव्हॉल्व्हरही ठेवले जाते. दुसऱ्या दिवशी विजयादशमीचे सोने लुटून झाले की ट्रक रस्त्याला लागतो, लेथ फिरू लागतो, पान्हा हातात येतो. रिव्हॉल्व्हर मात्र कपाटात परत जाते आणि पुढील खंडेनवमीपर्यंत त्याची आठवणही कोणास होत नाही.

वापरात असलेल्या साधनाची पूजा ही कृतज्ञता असते. जे साधन हाताळता येत नाही त्याची पूजा हा केवळ उपचार ठरतो आणि ते साधन शस्त्र असेल तर तो उपचार धोक्याचाही ठरतो. १ ऑक्टोबर २०२४ रोजी मुंबईत प्रसिद्ध अभिनेते गोविंदा यांच्या पायात त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी लागली, हे वृत्त घरोघरी वाचले गेले. घरात चोर शिरलेला नव्हता, कोणी हल्ला केलेला नव्हता. पहाटे प्रवासाच्या तयारीत शस्त्र ठेवताना ही दुर्घटना घडली. सुदैवाने ते बरे झाले. परंतु शस्त्र बाळगणाऱ्या प्रत्येक घराला तो एक इशारा होता. संकट दाराशी येण्यापूर्वीच शस्त्र स्वतःच्या मालकावर उलटू शकते.

अशा वृत्तानंतर विचारी परवानाधारकाच्या मनात सरावाची गरज जागी होते, आणि ती योग्यच आहे. वाडीतील एखाद्या गोदाममालकाची कल्पना करावी. रात्री-अपरात्री रोकड घेऊन यावे लागते, म्हणून त्याने रीतसर परवाना काढला, लाखभर रुपये खर्चून शासकीय निर्माणीचे शस्त्र घेतले. ते घेतले त्या वर्षी चार-सहा गोळ्या झाडल्या असतील तेवढ्याच. आता त्याला वाटते की कळमेश्वरच्या किंवा कोंढाळीच्या अंगाला आपली वडिलोपार्जित जमीन आहे, तिच्या कडेला दाट झाडोरा आहे. रविवारी तेथे जावे, झाडाला पुठ्ठा बांधावा, खऱ्या प्रसंगात घडते तसे चालत, वळत, आडोसा घेत गोळ्या झाडून पाहाव्यात. सोबत दोन-चार मित्र असले तर आणखी बरे. जमीन आपली, शस्त्र आपले, परवाना आपला. मग अडचण कोणती?

हेतू प्रामाणिक असल्यामुळे या प्रश्नाची टिंगल करून चालणार नाही आणि तो टाळूनही चालणार नाही. त्याचा निवाडा मात्र स्पष्ट असला पाहिजे. सराव हवाच, तो खराखुराही हवा. पण त्याची जागा स्वतःचे रान ही नव्हे. त्याची जागा परवाना असलेली, जाणत्याच्या देखरेखीखालची चांदमारी आहे. आणि अशी चांदमारी सामान्य परवानाधारकाच्या आवाक्यात नसेल, तर ती मिळवून घेणे हे समाजाचे आणि शासनाचे काम आहे.

या देशात शस्त्राचा प्रश्न केवळ पोलिसी प्रश्न कधीच नव्हता. १८७८ च्या शस्त्र कायद्याने इंग्रजी सत्तेने भारतीयांना निःशस्त्र केले आणि युरोपीयांना मात्र त्यातून सूट दिली. त्या अपमानाची सल राष्ट्रीय चळवळीच्या सर्व प्रवाहांना होती. म्हणूनच १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांचा जो ठराव केला, त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्कही नोंदविला गेला. 'नियमांच्या अधीन राहून' ही अट परकीयांनी लादलेली नव्हती. स्वराज्याची स्वप्ने पाहणाऱ्यांनी ती स्वतः होऊन स्वीकारली होती. स्वतंत्र भारताचा शस्त्र कायदा १९५९ साली संमत झाला आणि १९६२ पासून अमलात आला. त्याच्या गाभ्याशी हीच दृष्टी आहे. शस्त्र हा सरसकट अधिकार नाही आणि सरसकट गुन्हाही नाही. ती परवान्याने दिलेली आणि अटींनी बांधलेली जबाबदारी आहे.

स्वसंरक्षणाचा हक्क तर याहूनही मूलभूत आहे. जुन्या दंडसंहितेची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेने घेतली, तरी तो हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये अबाधित आहे. 'दर्शनसिंग विरुद्ध पंजाब राज्य' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली या हक्काची सविस्तर मीमांसा केली. शेतजमिनीच्या वादात वडिलांवर शस्त्राने वार झाल्याचे पाहून मुलाने परवान्याची बंदूक चालविली होती. न्यायालयाने त्याला निर्दोष ठरविले. अकस्मात प्राणघातक हल्ला झालेल्या माणसाने भ्याडासारखे पळून जावे अशी कायद्याची अपेक्षा नाही, आणि त्या क्षणी त्याने आपला प्रतिकार तराजूत तोलून करावा अशीही नाही, हे त्या निकालाचे सार आहे. मात्र हा हक्क बचावाचा आहे, सूड उगविण्याचा नाही, हेही त्याच निकालाने तितक्याच स्पष्टपणे सांगितले. शस्त्रधारकाने या दोन्ही गोष्टी एकत्र लक्षात ठेवायला हव्यात.

आता मूळ अडचणीकडे वळावे. २०१६ च्या शस्त्र नियमांनी नव्या अर्जदारासाठी सुरक्षा-प्रशिक्षणाची अट घातली. शस्त्राची सुरक्षित हाताळणी, ते चालविण्याची पद्धत, निगा, साठवण आणि वाहतूक हे त्या प्रशिक्षणाचे विषय आहेत. अट उत्तम आहे. परंतु प्रमाणपत्र एकदा मिळते आणि हाताची सवय मात्र काही महिन्यांत पुसली जाते. सायकल शिकलेला माणूस ती विसरत नाही असे म्हणतात. शस्त्राच्या बाबतीत हे खरे नाही. चाप दाबण्यापूर्वीच दचकणारा हात, आवाजाने मिटणारे डोळे, घाईत चापावर जाणारे बोट, हे दोष सराव थांबला की परत येतात. परवान्यावर काडतुसांची मर्यादा लिहिलेली असते, निवडणूक आली की शस्त्र ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात, आणि सरावाला जागा नसते. शासन शस्त्र देते, पण ते नीट चालविता यावे याची सोय करीत नाही. ही विसंगती खरी आहे. तिच्यातूनच रानाचा विचार जन्माला येतो.

मग रान का नको? पहिले कारण कायद्याचे आहे. शस्त्राच्या परवान्यावर त्याचा हेतू लिहिलेला असतो आणि शस्त्र त्याच हेतूने, सद्भावनेने बाळगायचे असते. अटींचा भंग हा शस्त्र कायद्याच्या कलम ३० खाली स्वतंत्र गुन्हा आहे. नेमबाजीचा क्लब किंवा रेंज चालवायची तर तिचा वेगळा परवाना लागतो. चार मित्रांनी दर रविवारी एका शेतात जमून गोळ्या झाडणे म्हणजे नाव न दिलेली, परवाना न घेतलेली रेंजच झाली. २०१९ च्या दुरुस्तीने तर बेपर्वाईने किंवा निष्काळजीपणे गोळीबार करून इतरांचे प्राण धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. लग्नाच्या वरातीतील गोळीबारामुळे ही दुरुस्ती चर्चेत आली असली तरी निष्काळजीपणाचा भाग सर्वांना लागू आहे. जमीन स्वतःची असणे हा तिच्यावरचा बचाव नाही.

दुसरे कारण जमिनीचे आहे. विदर्भात 'आपले रान' हा शब्दप्रयोग फसवा आहे. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन महसुली दफ्तरी 'झुडपी जंगल' म्हणून नोंदली गेली आहे. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही जमीन वनजमीनच मानली जाईल असा निर्णय दिला. शेताला लागून असलेला जो पट्टा पिढ्यान्‌पिढ्या 'आपलाच' समजला गेला, तो कागदोपत्री वन असू शकतो. राखीव वनात परवानगीवाचून बंदूक चालविणे १९२७ च्या वन कायद्याने वर्ज्य आहे. वन्यजीव कायद्याचे कलम ३४ तर याहून पुढे जाते. अभयारण्यात किंवा त्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या शस्त्रपरवानाधारकाने आपली नोंद वन्यजीव विभागाकडे केली पाहिजे, आणि त्या टापूत मुख्य वन्यजीव रक्षकाच्या पूर्वसंमतीवाचून नवा परवाना देता येत नाही. २०१४ साली बोर अभयारण्याला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. कोंढाळी-काटोलच्या बाजूच्या रानांतून वाघ-बिबट्यांचा वावर असतो. अशा ठिकाणी रविवारी दुपारी गोळीचा आवाज उठला तर वनरक्षकाच्या मनात पहिला विचार शिकारीचा येणार, आणि त्यात त्याचे काही चुकणार नाही.

तिसरे कारण गोळीच्या स्वभावाचे आहे, आणि तेच सर्वांत वजनदार आहे. नेमबाजीच्या खेळात वापरले जाणारे लहानसे .२२ चे काडतूससुद्धा दीड किलोमीटरहून पुढे प्राणघातक ठरू शकते. ज्या पुठ्ठ्यावर नेम धरला तो पुठ्ठा गोळी अडवीत नाही. त्याच्यामागचे झाडही तिला अडवीलच असे नाही. खोडाच्या कडेला घासून ती दिशा बदलते. विदर्भाच्या काळ्या मातीखाली काळाकभिन्न दगड आहे, तो जागोजाग वर डोकावतो. त्यावर आपटलेली गोळी कोठे उसळेल हे झाडणाऱ्यालाही सांगता येत नाही. दाट झाडीमुळे सुरक्षितता वाटते, पण प्रत्यक्षात झाडी गोळीला थांबवीत नाही. ती फक्त पलीकडचा माणूस दिसू देत नाही.

आणि पलीकडे माणूस असतोच. आपल्याकडचे रान कधीच निर्मनुष्य नसते. फाल्गुन-चैत्रात पहाटे मोहफुले वेचायला बाया-मुले जातात, उन्हाळ्यात तेंदूपाने तोडली जातात, बारा महिने गुराखी असतो, सरपणाची मोळी बांधणारी म्हातारी असते, संत्र्याच्या बागेत पाणी द्यायला आलेला गडी असतो. त्यांनी लाल झेंडा पाहिलेला नसतो, कारण तेथे तो लावलेलाच नसतो. ज्याच्या हातून गोळी सुटली त्याचे मन कितीही निर्मळ असो, ज्या घरातला माणूस गेला त्या घराला त्याचे काय? स्वसंरक्षणाच्या नावाने घेतलेल्या शस्त्राने एखाद्या निरपराध गरिबाचा बळी जावा, याहून त्या शस्त्राची मोठी विटंबना नाही.

रीतसर रेंज आणि झाडाला बांधलेला पुठ्ठा यांत नेमका फरक कोणता, हे अंबाझरीच्या कारखान्यात किंवा लष्करात आयुष्य घालविलेल्या वाडीतील कोणत्याही निवृत्ताला विचारावे. रेंजवर लक्ष्यामागे बिनदगडी मातीचा उंच बांध असतो, बाजूंना आवर असतो, समोरचा धोक्याचा पट्टा मोकळा राखलेला असतो. गोळीबार सुरू असेतो लाल झेंडा फडकत राहतो. एक अधिकारी असतो आणि त्याच्या शब्दावाचून कोणी शस्त्राला हात लावीत नाही. कोणी किती काडतुसे आणली, किती झाडली, किती परत नेली याची नोंद होते. प्रथमोपचाराची सोय असते. मातीत रुतलेले शिसे वेळोवेळी काढून घेतले जाते, म्हणजे ते विहिरी-तलावांत झिरपत नाही. यांतील एकही गोष्ट शोभेची नाही. प्रत्येक नियमामागे एखादा जुना अपघात उभा असतो.

येथे एक आक्षेप घेतला जाईल. रेंजवर माणूस उभा राहून, शांतपणे, कागदी वर्तुळावर गोळी झाडतो. खरा प्रसंग तसा नसतो. तो अंधारात, अरुंद जागेत, छाती धडधडत असताना, काही क्षणांत घडतो. मग त्या सरावाचा उपयोग काय? आक्षेपात तथ्य आहे. पण प्रत्यक्षातले अवघड काय असते ते नीट पाहावे. घरातल्या किंवा गोदामातल्या हल्ल्यात अंतर बहुधा एका खोलीच्या लांबीएवढेच असते. तेवढ्या अंतरावर नेम साधणे फारसे कठीण नसते. कठीण असतो तो निर्णय. समोरची सावली चोराची आहे की पाणी प्यायला उठलेल्या स्वतःच्या मुलाची? भिंतीपलीकडे कोण झोपले आहे? तो चालून येतो आहे की पळतो आहे? दार लावून मागे सरकणे शक्य आहे काय? या प्रश्नांची उत्तरे झाडामागे लपून गोळ्या झाडल्याने मिळत नाहीत.

कायद्याच्या रेषाही त्याच क्षणी स्मरणात असाव्या लागतात. कलम ३७ सांगते की पोलिसांचे साहाय्य मिळविण्यास अवधी असेल तर हा हक्क उरत नाही आणि बचावास आवश्यक असेल त्याहून अधिक इजा करता येत नाही. कलम ४१ नुसार सूर्यास्तानंतरची घरफोडी चालू असताना हक्काची व्याप्ती मोठी असते. पण माल टाकून कुंपणावरून उडी मारून पळणाऱ्या चोराच्या पाठीत गोळी घालणे हे संरक्षण ठरत नाही. वाडीच्या गोदाममालकाला खऱ्या प्रसंगाची तयारी करायची असेल, तर त्याने प्रथम हे दोन-तीन परिच्छेद एखाद्या वकिलाकडून समजून घ्यावेत. २ फेब्रुवारी २०२४ रोजी उल्हासनगरच्या पोलीस ठाण्यातच जो गोळीबार झाला आणि त्यानंतर आठवड्याच्या आत दहिसरमध्ये जी हत्या झाली, त्या घटनांनी सारा महाराष्ट्र हादरला. दोन्ही घटनांत वापरली गेलेली शस्त्रे परवान्याची असल्याचे समोर आले. न्यायालये त्यांचा निवाडा करतीलच. समाजाने घ्यायचा बोध मात्र आजही घेता येतो. तेथे उणीव नेमबाजीच्या कौशल्याची नव्हती.

उलट, खेळाची नेमबाजी निरुपयोगी आहे हा समजही तपासून पाहावा. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ सालच्या जाकार्ता-पालेमबांग आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळविले. नेमबाजीत आशियाई सुवर्ण जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. त्या स्पर्धेच्या जलद टप्प्यात हात खाली धरलेला असतो, लक्ष्य अवघे तीन सेकंद समोर येते, तेवढ्यात हात उचलून, नेम धरून एकच गोळी झाडायची असते. मनाचा तोल ढळू न देता तीन सेकंदांत घेतलेला अचूक निर्णय, याहून वास्तव सराव दुसरा कोणता? तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकला जगज्जेतेपद मिळविले, स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक आणले. कोल्हापूरच्या मातीतील ही तिन्ही माणसे वर्षानुवर्षे रेंजवर, शिक्षकाच्या नजरेखाली घडली.

सामान्य कुटुंबालाही या वाटेने आजच जाता येते. साडेचार मिलिमीटर व्यासाच्या आणि २० ज्यूलहून कमी ऊर्जेच्या हवाई पिस्तुलाला परवाना लागत नाही आणि त्याची १० मीटरची रेंज एखाद्या बंदिस्त सभागृहातही बसते. तेथील दहा गुणांचे वर्तुळ अवघे साडेअकरा मिलिमीटरचे असते. श्वास रोखणे, चाप हळुवार दाबणे, चूक झाल्यास गोळी न झाडता हात खाली घेणे, हे सारे तेथे शिकता येते. घरी पाळावयाचे नियम तर पैशावाचून पाळता येतात. प्रत्येक शस्त्र भरलेलेच आहे असे समजावे. जे नष्ट व्हावेसे वाटत नाही त्याच्याकडे नळी वळवू नये. नेम ठरेपर्यंत बोट चापाबाहेर असावे. लक्ष्याच्या पलीकडे काय आहे ते जाणावे. शस्त्र कुलपात आणि काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवावीत. रात्री आवाज आला तर कुटुंबाने कोणत्या खोलीत एकत्र जमायचे आणि ११२ क्रमांक कोणी फिरवायचा, हे आधी ठरलेले असावे. गोळी झाडण्याची वेळच येऊ नये, यासाठी मजबूत दार, उजेड, जागा पहारेकरी आणि जागरूक शेजार यांचा उपयोग रिव्हॉल्व्हरपेक्षा अधिक होतो, हे वाडीच्या गोदामपट्ट्यातील प्रत्येक जुन्या व्यावसायिकाला ठाऊक आहे.

जगातील ज्या देशांची उदाहरणे शस्त्रप्रेमी मंडळी वारंवार देतात, त्यांच्याकडेही डोळे उघडे ठेवून पाहावे. स्वित्झर्लंडमध्ये नागरी सैनिक आपली रायफल घरी ठेवतो, पण त्याला बंधनकारक असलेला वार्षिक सराव तो मान्यताप्राप्त मंडळाच्या रेंजवर ३०० मीटर अंतरावरून करतो, आपल्या कुरणात नाही. इस्रायलमध्ये शत्रू दाराशी असतानाही परवाना घेताना आणि तो चालू ठेवताना मान्यताप्राप्त रेंजवर प्रशिक्षण घ्यावे लागते. अमेरिकेत ग्रामीण भागात स्वतःच्या जमिनीवर नेमबाजी करण्याची मुभा अनेक राज्यांत आहे, तथापि तेथील जमिनीचा विस्तार आणि वस्तीची विरळता आपल्याकडे नाही. तेथेही घरांपासूनच्या अंतराचे नियम आहेतच. ज्या समाजांनी शस्त्राला नागरी जीवनात स्थान दिले, त्यांनी सरावाला संस्थेचे रूप दिले.

नागपूरला तर ही गोष्ट बाहेरून शिकण्याचे कारणच नाही. डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांनी याच नगरातून आपल्या समाजाच्या सैनिकी शिक्षणाचा ध्यास घेतला. तो काळ परकीय सत्तेचा होता, संताप करण्यास कारणे पुष्कळ होती. तरीही त्यांनी निवडलेला मार्ग पाहावा. भारतीय लष्करी महाविद्यालयाच्या स्थापनेचा विचार करणाऱ्या १९३१ च्या समितीत ते सदस्य म्हणून बसले. पुढील वर्षी डेहराडूनची प्रबोधिनी उभी राहिली. १९३५ साली त्यांनी सैनिकी शिक्षणासाठी संस्था स्थापन केली आणि १९३७ साली नाशिकला भोसला सैनिकी शाळा सुरू केली. जाहीर संस्था, जाहीर हिशेब, जाहीर अभ्यासक्रम. रानात लपून काही करण्यापेक्षा उजेडात संस्था उभारणे अधिक कष्टाचे असते, पण टिकते तेच. ती शाळा आज आठ दशकांनंतरही चालू आहे.

कार्यकर्त्यांनी यातून घ्यावयाचा संकेत उघड आहे. शाखेत दंड हाती घेणाऱ्या बालालाही प्रथम शेजाऱ्यापासूनचे अंतर आणि शिक्षकाची आज्ञा शिकविली जाते, प्रहार त्यानंतर येतो. हे अनुशासन ज्यांच्या अंगी मुरले आहे त्यांनी परवाना नसलेल्या जागी, कोणाच्या तरी शेतात, उत्साहाच्या भरात पिस्तुलाचा 'सराव' घेणे हे स्वतःच्या संस्कारालाच छेद देणारे आहे. एका बेजबाबदार रविवारचे छायाचित्र शंभर सेवाकार्यांवर पाणी फिरविते, हे खरेच. पण लोकनिंदेच्या भयाने हे टाळावे असे नाही. ज्या समाजाचे रक्षण करायचे, त्यातलाच गुराखी त्या गोळीच्या वाटेत उभा असतो, म्हणून ते टाळावे. मित्रमंडळी असा बेत आखीत असतील तर त्यांना थांबविणे हे धैर्याचे काम आहे, भित्रेपणाचे नव्हे.

केवळ 'नको' म्हणून मात्र भागणार नाही. सामान्य परवानाधारकाला नियमित काडतुसी सराव करता येईल अशा नागरी रेंज महाराष्ट्रात मोजक्या आहेत. मुंबईत वरळी, पुण्यात बालेवाडी ही नावे सर्वांना ठाऊक आहेत, पण त्यांचा भर प्रामुख्याने क्रीडा नेमबाजीवर आहे, आणि विदर्भातील माणसाने दर महिन्याला तेथे जावे हे संभवत नाही. नागपूर परिसरात राज्य राखीव पोलीस दलाचा गट आहे, कामठीत लष्कराचे मोठे केंद्र आणि छात्रसेनेच्या अधिकाऱ्यांची प्रबोधिनी आहे, अंबाझरीत यंत्र इंडिया लिमिटेडचे मुख्यालय आहे. शस्त्राची जाण असलेली निवृत्त माणसे वाडी, हिंगणा, कामठीच्या घराघरांत आहेत. जे नाही ते या सर्वांना नागरिकाशी जोडणारी व्यवस्था.

ती उभी करणे अशक्य नाही. पोलीस दलाच्या रेंजवर महिन्यातून एक दिवस परवानाधारकांसाठी राखून ठेवता येईल. शुल्क घ्यावे, काडतुसांची नोंद ठेवावी, निवृत्त प्रशिक्षकांना मानधन द्यावे. परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी त्या सरावाचे आणि कायद्याच्या उजळणीचे प्रमाणपत्र मागावे, म्हणजे ज्याला वर्षभरात चार तास देता येत नाहीत त्याने शस्त्र ठेवावे की नाही याचाही निर्णय होईल. नोंदणीकृत नेमबाजी संस्थांनी रेंजसाठी जागा मागितल्यास ती तांत्रिक कसोटीवर तपासून द्यावी. दरवर्षी हिवाळी अधिवेशनाच्या निमित्ताने राज्याचे विधिमंडळ नागपुरात येते. विदर्भातील आमदारांनी इतर प्रश्नांसोबत हा प्रश्नही सभागृहात मांडावा. आणि परवानाधारकांनी एकत्र येऊन पोलीस आयुक्तांकडे, जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी मागणी करावी. झाडाला पुठ्ठा बांधण्याइतके ते सोपे नाही, परंतु नागरिकाला शोभणारे आहे.

पुढील खंडेनवमीला वाडीत पुन्हा ट्रकांना माळा चढतील, लेथवर हळद-कुंकू पडेल. ज्या घरांत शस्त्र आहे त्या घरांतील कर्त्या माणसाने ते पाटावर ठेवण्यापूर्वी स्वतःला विचारावे: गेल्या वर्षभरात हे जाणत्याच्या देखरेखीखाली कितीदा हाताळले? ते रिकामे आहे याची खात्री आत्ता, या क्षणी केली काय? ते चालविण्याची वेळ आली तर कोठे थांबायचे हे ठाऊक आहे काय? या तीन प्रश्नांची उत्तरे ज्याच्यापाशी आहेत, त्याची पूजा सार्थ आहे. ज्याच्यापाशी नाहीत त्याने ते शस्त्र कुलपात ठेवावे आणि प्रथम रेंजची वाट धरावी.